वस्ती, वॉर्ड ऑफिस आणि आपण : परिसर भागीदारी उभी करण्याची रीत

गल्लीच्या तोंडाशी साचणारा कचरा, पहिल्याच पावसात तुंबणारे चेंबर, फूटपाथवर चढवलेल्या दुचाकी आणि बंद पडलेले दिवे हे प्रश्न शहरातल्या जवळजवळ प्रत्येक परिसरात आहेत. त्यांच्याविषयी कळकळीने बोलणारी माणसेही तेथे असतातच. मात्र बहुतेक ठिकाणी हे बोलणे व्हॉट्सॲपवर छायाचित्र टाकण्यापाशी किंवा महापालिकेच्या ॲपवर तक्रार नोंदवण्यापाशी थांबते. तक्रार नोंदवणे हा आपला हक्क आहे आणि तो सोडू नये. पण तीच तक्रार दर पंधरवड्याला नव्या क्रमांकाने नोंदवावी लागत असेल, तर तो प्रश्न एका खात्याच्या हलगर्जीपणाचा उरलेला नसतो. त्याचे धागे रहिवासी, दुकानदार, सफाई कर्मचारी, ठेकेदार आणि अधिकारी अशा अनेकांच्या हातांत विखुरलेले असतात, आणि ही मंडळी एकमेकांशी कधीच समोरासमोर बसून बोललेली नसतात. ठरलेल्या हद्दीत, ठरलेल्या कामापुरते, या सर्वांना एकत्र बसवून जबाबदारी वाटून घेणे म्हणजे परिसर भागीदारी. ती कशी उभी करावी, हे येथे प्रामुख्याने पुणे आणि मुंबई येथील व्यवस्था डोळ्यांपुढे ठेवून सांगितले आहे. इतर महापालिकांत आणि नगरपालिकांत पदांची व कार्यालयांची नावे थोडी बदलतील, पण कामाची रीत तीच राहील.

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी १९९६ च्या सुमारास आपल्या गल्लीची स्वच्छता स्वतः हाती घेतली. त्यातून स्फूर्ती घेऊन मुंबई महापालिकेने १९९७ मध्ये ‘एएलएम’ म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापनाची योजना सुरू केली. साधारण हजार लोकवस्तीच्या गल्लीने किंवा परिसराने एकत्र यावे, वॉर्ड ऑफिसात नोंद करावी आणि महापालिकेने त्यांच्यासाठी एक संपर्क अधिकारी नेमावा, असे तिचे स्वरूप होते. त्याआधी, १९८८ नंतर, भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या शहरात मोहल्ला समित्या स्थापन केल्या होत्या. त्यांत हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांची साधी, कष्टकरी माणसे पोलिसांबरोबर नियमित बसत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली, याचे बरेचसे श्रेय या बैठकांना दिले जाते. संकट येण्यापूर्वीची, काही घडत नसतानाची ओळख तेथे कामाला आली. भागीदारी उभी करताना पहिल्यांदा लक्षात घ्यायची गोष्ट ती हीच.

हद्द ठरवणे आणि परिसर फेरी

सुरुवातीला हद्द लहान ठेवावी. दोनशे ते चारशे कुटुंबे राहतात एवढा भाग पुरेसा असतो. आपला संपूर्ण प्रभाग सुधारण्याचा संकल्प करून जो गट कामाला लागतो, तो दुसऱ्या बैठकीनंतर बहुधा दिसत नाही. हद्द आखताना सोसायटीच्या कुंपणभिंतीकडे न पाहता कचरा, पाणी आणि माणसे कशी वाहतात याकडे पाहावे. इमारतींच्या मागची वस्ती, समोरची हातगाड्यांची रांग आणि कोपऱ्यावरचे हॉटेल एकाच पावसाळी गटाराला जोडलेले असतील, तर ती सर्व एकाच हद्दीत असायला हवीत. दुसरा निकष प्रशासकीय आहे. शक्यतो संपूर्ण हद्द एकाच आरोग्य कोठीच्या (सफाई कर्मचाऱ्यांच्या हजेरी केंद्राच्या) आणि एकाच क्षेत्रीय कार्यालयाच्या (वॉर्ड ऑफिसच्या) अखत्यारीत यावी, कारण दोन कार्यालयांच्या सीमेवरचा रस्ता कोणाचा, या वादात महिने जातात.

हद्द ठरली की नकाशा घेऊन पायी फिरावे आणि ही फेरी तीन वेगवेगळ्या वेळी करावी. सकाळी सहा-सातच्या सुमारास झाडलोट करणाऱ्या कर्मचाऱ्यांबरोबर फिरल्यास कचरा कोठून येतो ते कळते. दुपारी शाळा सुटण्याच्या वेळी रस्ता ओलांडण्याच्या अडचणी दिसतात. रात्री नऊनंतरची फेरी महिलांनी करावी, किंवा त्यांच्याशिवाय करू नये, कारण कोणता दिवा बंद आहे हे खांबाच्या क्रमांकावरून कळले तरी कोणत्या वळणावर भीती वाटते हे फक्त तेथून रोज चालणारी व्यक्तीच सांगू शकते. नोंदी मोघम ठेवू नयेत. ‘रस्त्यावर अंधार आहे’ असे न लिहिता खांबाचा क्रमांक लिहावा. ‘चेंबर तुंबते’ असे न लिहिता ते पावसाळी गटाराचे आहे की मलवाहिनीचे, ते विचारून लिहावे. दोन्हींची कामे निरनिराळ्या खात्यांकडे असतात आणि चुकीच्या खात्याला दिलेला अर्ज तेथेच पडून राहतो.

बैठकीत कोण हवे

भागीदारीचे यश-अपयश बरेचसे या टप्प्यावर ठरते. सर्वसाधारण अनुभव असा, की पुढाकार निवृत्त, घरमालक आणि इमारतीत राहणाऱ्या गृहस्थांकडे जातो आणि भाडेकरू, फेरीवाले, घरकाम करणाऱ्या महिला, सुरक्षारक्षक, कचरावेचक हे चर्चेचे विषय बनतात, चर्चेतले सहभागी बनत नाहीत. मुंबईतील अनेक एएलएमवर हीच टीका झाली. ते मध्यमवर्गीय इमारतींपुरते राहिले आणि शेजारच्या झोपडपट्टीसाठी महापालिकेला २००१ मध्ये ‘दत्तक वस्ती’ ही वेगळीच योजना काढावी लागली. एकाच नाल्याच्या दोन काठांसाठी दोन योजना, असे चित्र त्यातून काही ठिकाणी निर्माण झाले.

म्हणून पहिली सार्वजनिक बैठक बोलावण्याआधी दारोदार जावे. हातगाडीवाल्यांशी त्यांच्या गाडीपाशी, बचत गटाच्या महिलांशी त्यांच्या मासिक बैठकीत, गणेश मंडळाच्या कार्यकर्त्यांशी मंडळाच्या कट्ट्यावर, सफाई कर्मचाऱ्यांशी आरोग्य कोठीत बोलावे. या गाठीभेटींत आपला प्रश्न सांगण्याआधी त्यांचा प्रश्न विचारावा. फेरीवाल्याला पिण्याच्या पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय हवी असते, कर्मचाऱ्याला काच वेगळी गुंडाळून दिलेली हवी असते, मंडळाच्या मुलांना वर्षभर बसायला-खेळायला जागा हवी असते. यांतल्या एखाद्या मागणीला पहिल्या सहा महिन्यांत उत्तर मिळाले, तर ही माणसे टिकतात. नाही तर एकदा येऊन जातात.

बैठकीची जागा आणि वेळ हा शिष्टाचाराचा भाग वाटतो, पण त्यावरून कोण येणार ते ठरते. सोसायटीच्या गच्चीवर बोलावलेल्या बैठकीला मागच्या वस्तीतला माणूस सहसा येत नाही. महापालिकेच्या शाळेचा वर्ग, समाजमंदिर किंवा विरंगुळा केंद्र अशी कोणाच्याच मालकीची न वाटणारी जागा घ्यावी. संध्याकाळी सहा ते नऊ ही फेरीवाल्यांच्या धंद्याची वेळ असते; घरकाम करणाऱ्या महिलांना दुपारी दोन ते चार सोयीचे पडते. एकच वेळ सर्वांना जमत नसल्यास बैठका आलटून-पालटून वेळ बदलून घ्याव्यात. अशा प्रत्येक गटातून किमान दोन प्रतिनिधी असावेत, कारण वीस जणांत एकटा बसलेला पथारीवाला सहसा मान डोलावून परत जातो.

फेरीवाल्यांबाबत एक गोष्ट स्पष्ट असावी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे. शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांतील एकतृतीयांश महिला असाव्यात, अशी तरतूद त्यात आहे. त्यामुळे ‘यांना येथून हटवा’ हा भागीदारीचा कार्यक्रम होऊ शकत नाही. गाड्यांची जागा, फूटपाथवर मोकळी ठेवायची रुंदी, कचऱ्याची पेटी आणि बंद करण्याची वेळ हे मात्र एकत्र बसून नक्की ठरवता येते.

महापालिकेकडून कोणाला बोलवावे, याविषयी माझे मत प्रचलित पद्धतीच्या उलट आहे. आयुक्तांना किंवा सहायक आयुक्तांना निवेदन देऊन छायाचित्र काढण्याने काम सुरू होत नाही. सुरुवात मुकादम, आरोग्य निरीक्षक आणि कनिष्ठ अभियंता यांच्यापासून करावी. कोणत्या गाडीला किती फेऱ्या आहेत, कोणत्या कामाची निविदा झाली आहे, कोणता कर्मचारी रजेवर आहे ही माहिती त्यांच्याकडेच असते. वरिष्ठांच्या समोर त्यांच्याविरुद्ध तक्रार करून ओळख झाली, तर पुढची दोन वर्षे ते नियमावर बोट ठेवून बोलतात. त्यांच्या अडचणी वरिष्ठांपर्यंत पोहोचवणारा गट म्हणून ओळख झाली, तर तेच लोक आपणहून फोन करतात. पोलीस चौकीतील बीटवरचे कर्मचारी, महावितरणचे लाइनमन आणि जवळच्या शाळेचे मुख्याध्यापक यांनाही सुरुवातीपासून परिचित करून घ्यावे.

पहिले काम कोणते घ्यावे

परिसर फेरीतून तीस-चाळीस प्रश्नांची यादी सहज निघते. त्यांतील पहिले काम निवडताना ते तीन महिन्यांत होण्याजोगे असावे, त्यासाठी मोठी निविदा लागू नये, ते सर्वांना डोळ्यांनी दिसावे आणि त्यात प्रत्येक सहभागी गटाला काही तरी करायला असावे. पार्किंगचा प्रश्न पहिल्या वर्षी घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्यात प्रत्येकाचे हितसंबंध गुंतलेले असतात आणि परस्परविश्वास तयार होण्याआधीच फाटाफूट होते. रस्त्यावरचा कचरा साचण्याचा कायमचा ठिकाणा, ज्याला पुण्यात ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणतात, तो बंद करणे हे पहिले काम म्हणून बहुतेक परिसरांना चालते. त्याची रीत सविस्तर सांगतो, कारण हीच पद्धत पुढे इतर कामांनाही लागू पडते.

प्रथम तेथे कचरा कोण टाकतो, हे पाहावे. यावर सर्वांचे ठाम मत असते आणि ते बहुधा अपुरे निघते. पाच-सहा दिवस, सकाळ, संध्याकाळ आणि रात्र अशा पाळ्या लावून नुसते निरीक्षण करावे. या काळात कोणालाही अडवू नये, कोणाचेही छायाचित्र काढू नये. साधारणपणे चार प्रकारचे लोक आढळतात. घंटागाडी किंवा कचरा घेणारी ताई येण्याआधी कामावर जाणारे भाडेकरू आणि विद्यार्थी. रात्री उशिरा बंद होणारी खाद्यपदार्थांची दुकाने. दुचाकीवरून जाता-जाता पिशवी भिरकावणारे दुसऱ्या भागातले लोक. आणि घरदुरुस्तीचा राडारोडा रात्रीतून ओतून जाणारे टेम्पो. झाडांची छाटणी झाली की पालापाचोळ्याची भर पडते आणि मग कोणी तरी तो पेटवून देतो.

प्रत्येकासाठी उपाय वेगळा आहे. भाडेकरूंच्या बाबतीत घरमालकांनी महिन्याचे कचरा संकलन शुल्क भाड्यात धरून भरायचे आणि इमारतीत ओल्या व सुक्या कचऱ्याचे दोन डबे ठेवायचे, असे ठरवता येते. पुण्यात घरोघरचा कचरा घेण्याचे काम मोठ्या प्रमाणावर ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था करते. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या कामातून ती पुढे आली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून ती घरोघरी सेवा देऊ लागली. तिच्या सभासद महिलेला बैठकीत बोलावून, कोणत्या इमारतीत कोणी कचरा देत नाही आणि का, हे विचारले, तर अर्धे सर्वेक्षण तेथेच पूर्ण होते. खाद्यपदार्थांच्या दुकानांसाठी व्यावसायिक कचऱ्याची वेगळी फेरी आणि तिची नेमकी वेळ आरोग्य निरीक्षकांकडून निश्चित करून घ्यावी. राडारोड्यासाठी महापालिकेची ठरलेली ठिकाणे आणि दर असतात. ते प्रत्येक इमारतीच्या सूचनाफलकावर लावावेत आणि दुरुस्तीच्या कामाला परवानगी देतानाच सोसायटीने राडारोडा कोठे जाणार ते लिहून घ्यावे. राहिले दुचाकीवाले. त्यांच्यासाठी पहिले तीन आठवडे माणूस उभा करण्याला पर्याय नाही. भिंतीवर देवदेवतांच्या फरशा बसवल्या की कचरा बंद होतो, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात तो जिथे फरशा संपतात तिथे सरकतो.

जागा रिकामी झाली की त्याच दिवशी तिचा दुसरा उपयोग सुरू व्हायला हवा. बाक, झाडाचा कट्टा, रिक्षा थांबा, वाचनफलक, काहीही चालेल, पण ते काय असावे हे त्या जागेला लागून राहणाऱ्यांनी आणि तेथे धंदा करणाऱ्यांनी ठरवावे. पहिल्या महिन्यात कचरा पुन्हा पडेल. तो पडला की चोवीस तासांच्या आत उचलला जाईल, एवढी एकच हमी आरोग्य कोठीकडून घ्यावी. साचलेला ढीग पाहून टाकणाऱ्यांची भीड चेपते.

पुण्याच्या कात्रज भागात २०१०-११ च्या सुमारास राबवलेला शून्य कचरा प्रकल्प या पद्धतीचे मोठ्या आकाराचे उदाहरण म्हणता येईल. महापालिका, ‘जनवाणी’ ही संस्था, ‘स्वच्छ’ आणि कमिन्स इंडिया ही कंपनी यांनी तेथे कामे वाटून घेतली होती. पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथील ग्रामस्थ आपल्या गावात शहराचा कचरा ओतण्याविरुद्ध वारंवार आंदोलन करत होते, त्यामुळे कचरा ज्या-त्या भागात जिरवण्याची निकड महापालिकेलाही होती. प्रशासनाची निकड आणि आपली निकड जुळते ती वेळ ओळखून काम हाती घेतले, तर निम्मी दमछाक वाचते. मे महिन्यात नालेसफाईबद्दल, जून-जुलैत वृक्षारोपणाबद्दल आणि गणेशोत्सवाच्या आधी खड्ड्यांबद्दल अधिकारी ऐकण्याच्या मनःस्थितीत असतात, एवढे साधे निरीक्षणही उपयोगी पडते.

ठरलेले कागदावर आणणे

बैठकीत झालेली सहमती आठवडाभरात विरते. त्यामुळे एका पानाचे सहमतीपत्र करावे. त्यात काम, ते कोण करणार, कधीपर्यंत आणि ते झाले की नाही हे कसे कळणार, एवढेच असावे. ‘सर्वांनी सहकार्य करावे’ हे वाक्य त्यात नसावे. त्याऐवजी ‘कोपऱ्यावरील तीन दुकाने रात्री अकरापर्यंत आपला कचरा आतच ठेवतील आणि सव्वाअकरा वाजता येणाऱ्या गाडीत देतील, गाडी न आल्यास दुकानदार आरोग्य निरीक्षकांना कळवतील’ असे लिहावे.

महापालिकेचे कनिष्ठ कर्मचारी अशा कागदावर सही करत नाहीत आणि त्यांनी करावी असा हट्टही धरू नये. त्यांना तो अधिकार नसतो. यावर सोपा मार्ग आहे. बैठकीचे इतिवृत्त दोन दिवसांत तयार करून, ‘दि. अमुक रोजी झालेल्या बैठकीत पुढीलप्रमाणे ठरले’ अशा भाषेत सहायक आयुक्तांच्या नावे पत्र लिहावे, ते क्षेत्रीय कार्यालयाच्या आवक-जावक विभागात द्यावे आणि पोच म्हणून आवक क्रमांक व शिक्का असलेली प्रत घ्यावी. कोणीही हरकत घेतली नाही, तर तोच कागद पुढे आधार होतो. पत्रात झालेल्या कामाबद्दल संबंधित कर्मचाऱ्यांचे नाव घेऊन आभार मानावेत. सरकारी कामात अशी पत्रे क्वचित येतात आणि ती जपून ठेवली जातात.

माहितीचा अधिकार हे साधनही हाताशी असावे. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत सर्वांना माहीत असते. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, हे अनेकांना माहीत नसते. तथापि, जी माहिती कनिष्ठ अभियंता चहा पिताना सांगतो ती अर्ज करून मागू नये. निविदेची प्रत, ठेकेदाराची देखभाल-दुरुस्तीची मुदत, झालेल्या कामाचे मोजमाप पुस्तक यांसाठी तो वापरावा.

अंदाजपत्रकात शिरणे

बाक, दिवे, फूटपाथ, स्वच्छतागृहाची दुरुस्ती अशी कामे पैशाशिवाय होत नाहीत आणि महापालिकेचा पैसा ठरलेल्या महिन्यांतच वाटला जातो. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग घेण्यास सुरुवात केली. नागरिकांनी आपल्या भागातील कामे विहित अर्जावर सुचवायची, एका कामासाठी साधारण पाच लाख रुपयांपर्यंतची मर्यादा पाळायची आणि क्षेत्रीय कार्यालयाने छाननी करून ती प्रभाग समितीपुढे (भागातील नगरसेवकांच्या समितीपुढे) ठेवायची, असा या पद्धतीचा क्रम आहे. अर्ज साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास मागवले जातात. एप्रिलमध्ये एखादी गरज लक्षात आली, तर ती पुढच्या आर्थिक वर्षात पुरी होईल, एवढा धीर धरावा लागतो.

सुटेसुटे अर्ज करण्यापेक्षा भागीदारीने एक-दोन कामे निवडून, त्यांवर सर्व गटांच्या सह्या घेऊन, जागेचा नकाशा आणि छायाचित्र जोडून अर्ज द्यावा. देण्याआधी कनिष्ठ अभियंत्याला जागेवर नेऊन काम तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का आणि जागा महापालिकेच्याच मालकीची आहे का, हे विचारून घ्यावे. बरेच अर्ज याच कारणावरून बाद होतात. अर्ज मंजूर झाला तरी काम झाले असे समजू नये. पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज), निविदा आणि कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश) या प्रत्येक पायरीवर कोणी तरी महिन्यातून एकदा चौकशी करत राहिले पाहिजे. हे काम ज्याला कार्यालयात जाऊन शांतपणे बसता येते अशा एकाच व्यक्तीकडे सोपवावे.

कायद्यातील आणखी एक दार फारसे वापरले जात नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनुसार तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्या लागतात आणि महाराष्ट्रातील महापालिका कायद्यात अशा समितीवर त्या भागात काम करणाऱ्या स्वयंसेवी व लोकसंस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नामनिर्देशित करण्याची तरतूद आहे. या जागांवर बऱ्याचदा राजकीय कार्यकर्त्यांची सोय लावली जाते. परिसरातील कामाची नोंद असलेल्या दोन-तीन संस्थांनी वेळेत, लेखी आणि एकत्र दावा केला, तर निदान त्याची दखल घ्यावी लागते. त्याशिवाय पुण्यातील क्षेत्रीय कार्यालयांत मोहल्ला कमिटीच्या, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याच्या, बैठका होतात; भिवंडीतल्या मोहल्ला समित्यांहून त्या वेगळ्या. तेथे एकट्याने जाऊन आवाज चढवण्यापेक्षा दोन मुद्दे लिहून चौघांनी जावे.

पैसा आणि नोंदणी

पहिल्या सहा महिन्यांत भागीदारीने पैसे जमा करू नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे. कोणी झाडे द्यावीत, कोणी पाण्याची टाकी द्यावी, कोणी छपाई करून द्यावी. रोख रक्कम आली की हिशेबाचा प्रश्न येतो आणि ओळख पक्की होण्याआधीच संशय येतो. शिवाय कायद्याची बाजूही आहे. नोंदणीकृत न्यास नसताना धर्मादाय कारणासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेश मंडळे दर वर्षी घेतात ती हीच. पावती पुस्तक छापण्याआधी मंडळाच्या खजिनदाराला विचारले, तर तो सर्व कागदपत्रे तोंडपाठ सांगेल.

नोंदणीची घाई नसावी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात व्यक्ती लागतात आणि महाराष्ट्रात अशा संस्थेला १९५० च्या विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंद करावी लागते. त्यानंतर दर वर्षी लेखापरीक्षण आणि विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांत बदल अर्ज ही कामे मागे लागतात. ज्या गटात अजून झाडांना पाणी घालण्याच्या पाळ्या पाळल्या जात नाहीत, त्याने ही जबाबदारी घेऊ नये. दरम्यान पैशाची गरज पडलीच, तर परिसरातीलच एखाद्या जुन्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात रक्कम घ्यावी, तिचा हिशेब वेगळा ठेवावा आणि दर तिमाहीला तो सूचनाफलकावर लावावा. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीची अपेक्षा असेल तेव्हा मात्र नोंदणीला पर्याय राहत नाही.

नगरसेवक आणि निवडणुका

नगरसेवकांना टाळून परिसराचे काम करता येईल, असे अनेकांना वाटते. ते शक्य नाही आणि योग्यही नाही. लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी हा या व्यवस्थेतला कायदेशीर दुवा आहे. सर्व पक्षांच्या स्थानिक कार्यकर्त्यांना बैठकीचे निमंत्रण द्यावे, नगरसेवकांना इतिवृत्त पाठवावे, पण परिसरातील कामावर कोणाच्याही नावाचा फलक लागणार नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवून लिहून ठेवावे. फ्लेक्सचा मोह फक्त नेत्यांनाच असतो असे नाही. भागीदारीचा पदाधिकारी निवडणुकीला उभा राहणार असेल, तर त्याने अर्ज भरण्याच्या बऱ्याच आधी पद सोडावे. २००७ मध्ये जुहूत नागरिकांनी आपला अपक्ष उमेदवार निवडून आणला होता, हे खरे. पण तसा निर्णय गटाने उघडपणे आणि वेगळ्या व्यासपीठावरून घ्यावा, परिसर समितीच्या सूचनाफलकावरून घेऊ नये. आचारसंहितेच्या काळात नवी कामे सुरू होत नाहीत, त्यामुळे कार्यादेश त्याआधी निघाले आहेत ना, याकडे लक्ष ठेवावे.

बैठकांबद्दल थोडक्यात सांगायचे, तर महिन्यातून एक, दीड तासाची, ठरलेल्या वारी. सुरुवात मागच्या बैठकीतील कामांच्या वाचनाने व्हावी आणि पहिल्यांदा बोलण्याची संधी जे सर्वांत कमी बोलतात त्यांना मिळावी. लाउडस्पीकर, पाळीव प्राणी, पार्किंग या वादांवर बैठकीत मतदान घेऊ नये. संबंधित चार-पाच जणांनी वेगळे बसावे, नियम काय आहे ते आधी पाहावे (उदाहरणार्थ, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास मनाई असते आणि मोजक्या सणांपुरती सवलत राज्य सरकार देते) आणि काय ठरले तेवढे पुढच्या बैठकीत सांगावे. निमंत्रकाचे पद वर्षाने बदलावे; जुन्या निमंत्रकाने पुढचे तीन महिने बरोबर फिरावे.

अधिकाऱ्यांच्या बदल्या होतातच. नवे सहायक आयुक्त किंवा आरोग्य निरीक्षक रुजू झाले की पहिल्या पंधरवड्यात त्यांना भेटायला जावे आणि जाताना निवेदनाऐवजी एक फाइल न्यावी. तिच्यात परिसराचा नकाशा, मागील वर्षाची इतिवृत्ते, आवक क्रमांकांची यादी, पूर्ण झालेल्या कामांची आधीची व नंतरची छायाचित्रे आणि सध्या अडलेले एकच काम असावे. त्या एका कामासाठी त्यांना जागेवर येण्याचा दिवस तेथेच ठरवून घ्यावा, आणि त्या दिवशी मुकादमापासून फेरीवाल्यांच्या प्रतिनिधीपर्यंत सर्वांना बोलवावे.